घरच्या घरी गाडीचं इंजिन बदलायला घेतलं तर काय काय आडवं येतं?

तुमचं म्हणणं असं की गाडीचं इंजिन गेलंय, सेकंडहँड इंजिन मिळतंय, पाने-सॉकेट घरी आहेत, मग स्वतःच बदललं तर कुठे अडकायला होईल. मी माझ्या गाडीचं केलंय म्हणून लिहितोय.

आधी हे बघा की येणारं इंजिन तेच आहे की दुसरं. त्याच मॉडेलचं, त्याच कोडचं असेल तर काम हमालीचं आहे पण होतं. जास्त पॉवरचं दुसरंच काही टाकायचं डोक्यात असेल तर माउंटिंग जुळत नाही, ऑइलचा चेंबर खाली क्रॉस मेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीला) टेकतो, एक्सल लांबीला चुकतात, रेडिएटर पुरत नाही, आणि हे सगळं निस्तरलं की मग वायरिंग सुरू होतं. पहिल्यांदाच करताय ना, मग या वाटेला जाऊच नका.

लोक घाबरतात इंजिन उचलायला. चार सिलिंडरचं इंजिन साधारण १०० ते १५० किलोचं, भाड्याने क्रेन आणली, चेन नीट बांधली की येतं वर, फक्त लटकलेल्या इंजिनाखाली हात-डोकं घालायचं नाही. वेळ जातो तो त्याच्या आधी, सायलेन्सरच्या गंजलेल्या बोल्टांपायी. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, जोर लावून स्टड तुटला की अख्खा दिवस तिथेच. एसीचा कॉम्प्रेसर जमलं तर पाइपसकट बाजूला बांधून ठेवा, पाइप उघडलाच नाही तर गॅसची भानगडच नाही.

खरा घाम निघतो गिअरबॉक्स जुळवताना. मॅन्युअल असेल आणि क्लच प्लेट बरोबर सेंटरला नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्यातून आत जातच नाही, बाहेरून काही दिसत नाही, आपण नुसते हलवत बसतो. मग इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये बोटभर फट उरते आणि वाटतं की बोल्ट आवळून ओढून घेऊ. अजिबात नाही!! हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाचा, बोल्टचा कान तुटतो. दोन्ही तोंडं हातानेच भिडली पाहिजेत, बोल्ट नंतर. ऑटोमॅटिकला तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) आधी गिअरबॉक्समध्ये फिरवत फिरवत पूर्ण आत घालायचा, तो खट् खट् करत टप्प्याने बसतो, शेवटचा टप्पा राहिला आणि तुम्ही बोल्ट आवळले की आतला ऑइल पंप फुटला म्हणून समजा, म्हणजे इंजिन आलं आणि गिअरबॉक्स गेला.

वायरिंगला मोबाईलवर फोटो काढा, पण नुसत्या फोटोंवर जाऊ नका, प्रत्येक कपलरला (वायरींच्या जोडाला) चिकटपट्टी लावून नाव लिहा, कारण सारखे दिसणारे दोन कपलर असतातच. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आपल्या गाडीचाच ठेवा, इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक) असेल तर चावी त्याच्याशीच जोडलेली असते. सेन्सर जुने-नवे ताडून बघा, पिना वेगळ्या निघाल्या तर जुन्या इंजिनावरचे काढून लावा. आणि इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी! ती राहिली की स्टार्टर रडत फिरतो आणि माणूस बॅटरीला शिव्या घालत बसतो.

विकत घेण्याआधी क्रँक पुलीला (इंजिनाच्या पुढच्या तोंडाला खाली असलेल्या पुलीला) सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवून बघा, जमलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. बाहेर आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप उरकून घ्या, नंतर त्या एका सीलसाठी गिअरबॉक्स परत उतरवायला लागतो.

पहिला स्टार्ट लगेच मारू नका. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, म्हणजे इंजिन चालू न होता, स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, ऑइलचा दिवा विझला की मग फ्यूज लावा. चालू झाल्यावर कूलंटमधली हवा काढा, हीटर फुल गरमवर ठेवून, आणि टेम्परेचरचा काटा स्थिर होऊन फॅन सुरू होईपर्यंत गाडीपाशीच थांबा. इंजिनाचा नंबर बदलला म्हणजे कागदपत्रांवरही बदलून घ्यावा लागतो, त्यामुळे विकणाऱ्याकडून पावती घ्या.

गाडी मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक ते खाली लिहा, त्याप्रमाणे क्रम सांगतो.