वाचकांचे प्रश्न : पेशी सरकल्या की नुसत्या वाढल्या?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतलं ईजीएफआर हे प्रथिन सायआरएनए (ते प्रथिन बनणं रोखणारा आरएनएचा छोटा तुकडा) देऊन कमी केलं. पेशींच्या थरावर ओरखडलेली स्क्रॅचची रेघ कंट्रोलमध्ये (ईजीएफआर न घटवलेल्या पेशींत) २४ तासांत बुजली, इकडे अर्धीच. ‘ईजीएफआरमुळे पेशी सरकतात’ असं लिहू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. ईजीएफ हा वाढघटक चिकटला की या प्रथिनाच्या जोड्या जमतात आणि संदेश आत जातो. त्याच संदेशावर पेशी विभागतातही आणि सरकतातही. त्यामुळे ते घटवल्यावर रेघ उघडी राहिली, तर दोष कोणाचा, विभाजनाचा की सरकण्याचा, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही.

आधी विभाजन थांबवा. स्क्रॅचपूर्वी दोन तास मायटोमायसिन-सी (१० मायक्रोग्रॅम प्रति मिलि) देऊन नीट धुवा, किंवा पेशींच्या माध्यमातलं सिरम (रक्तातला द्रव) ०.५ ते १ टक्क्यावर आणा. सिरम उतरवलं की वाढघटकही कमी होतात, म्हणून दोन्ही गटांना ईजीएफ (१० नॅनोग्रॅम प्रति मिलि) द्या. नाहीतर कंट्रोलही थंडच दिसेल.

दुसरी खोट सहसा लक्षातच येत नाही. सायआरएनए दिलेल्या पेशी कमी वाढल्याने तो थर विरळ राहतो आणि रेघ विरळ थरातच ओढली जाते. त्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) सुरुवातीलाच जास्त पेशी टाका. दोन्ही थर पूर्ण भरले की मगच २०० मायक्रोलिटरची टिप उभी धरून एका दमात रेघ मारा. पीबीएसने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) दोनदा धुवा, नाहीतर सुटलेल्या पेशी रेघेतच पुन्हा चिकटतात. प्लेटच्या तळाला मार्करने खूण करून ०, ६, १२ तासांना त्याच जागेचे फोटो घ्या.

जोडीला ट्रान्सवेल (पेशी छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे सरकतात का, ही चाचणी) कराच : ८ मायक्रॉनची छिद्रं, वर सिरमविना पेशी, खाली १० टक्के सिरम. रंगवण्याआधी पडद्याची वरची बाजू ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसायची राहिली, तर न सरकलेल्या पेशीही मोजल्या जातात. पडद्यावर मॅट्रिजेल (प्रथिनांचा जेल) वापरणार असाल तर टिपासुद्धा बर्फावर ठेवा. ते ऊब लागताच गोठतं.

आणि एकाच सायआरएनएवर विसंबू नका. सायआरएनएचे दोन वेगळे क्रम, प्रथिन खरंच घटलं का हे पाहायला ४८ ते ७२ तासांनी वेस्टर्न ब्लॉट, जमल्यास प्रथिन परत देऊन पाहणं. एवढं झालं की वाक्य बिनधास्त लिहा.

प्रश्न : म्हणजे ईजीएफआर रोखणारं औषध पुरेल का?

उत्तर : एकटं सहसा नाही. ईजीएफआर रोखणाऱ्या सेटुक्सिमॅबला अमेरिकेत डोकं-मानेच्या कर्करोगासाठी २००६ मध्ये मान्यता मिळाली. प्लॅटिनमची औषधं निकामी ठरलेल्या रुग्णांना ते एकटं दिल्यावर गाठ आकसली ती साधारण १३ टक्क्यांची. एमईटीसारख्या दुसऱ्या प्रथिनाकडून पेशी तोच संदेश मिळवू शकतात.