न्यूट्रिनो: प्रतिकण नव्हे, धाकटा

‘न्यूट्रिनो म्हणजे न्यूट्रॉनचा प्रतिकण’ असे लिहिणे योग्य आहे का, आणि ‘प्रतिकण’ऐवजी ‘विरुद्धकण’ म्हटले तर चालेल का, असे मिरजेच्या एका शिक्षिकेने विचारले आहे. पहिले अजिबात योग्य नाही; सांगलीतल्या व्याख्यानांतून ते इतक्या वेळा कानी पडते की आता ऐकवत नाही. प्रतिकण म्हणजे कणाचा सारख्याच वस्तुमानाचा, पण काही गुणांत उलटा जोडीदार; न्यूट्रॉनचा प्रतिकण म्हणजे प्रतिन्यूट्रॉन, आणि तो १९५६ साली अमेरिकेत बर्कली येथे सापडला.

खरी गंमत नावाच्या जन्मात आहे. बीटा-क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, हरवणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळवण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांनी १९३० साली एक विद्युतभाररहित, हलका कण कल्पिला आणि त्याला ‘न्यूट्रॉन’ म्हटले. परंतु १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना अणुकेंद्रातला जड कण सापडला आणि ते नाव त्यालाच चिकटले. रोममध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या गटात दोहोंची गल्लत टाळण्यासाठी एदोआर्दो अमाल्दी यांनी थट्टेने ‘न्यूट्रिनो’ हा शब्द काढला. इटालियनमध्ये ‘-ओने’ हा प्रत्यय थोरपणा दाखवतो आणि ‘-ईनो’ लहानपणा. म्हणजे एक थोरला उदासीन (विद्युतभाररहित), दुसरा धाकटा. वास्तविक न्यूट्रॉनमधला ‘-ऑन’ हा इलेक्ट्रॉनच्या कुळातला, त्याचा इटालियन थोरपणाशी काडीचाही संबंध नाही. अमाल्दींनी शब्द चुकीचा फोडला आणि नाव मात्र चपखल निघाले, कारण न्यूट्रॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३९ पट, तर न्यूट्रिनोचे इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. हा शब्द फर्मींनी घडवला असे जे ठासून सांगतात, ते प्रसारकालाच जनक ठरवतात.

आपल्याकडे घोटाळा का होतो, याविषयी माझे एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. मराठीत ‘-आ’ आणि ‘-ई’ यांची जोडी दोन कामे करते: ‘मुलगा–मुलगी’मध्ये ती समोरचा जोडीदार दाखवते, ‘सुरा–सुरी’मध्ये नुसते लहानमोठेपण. न्यूट्रॉन–न्यूट्रिनो ही जोडी दुसऱ्या प्रकारची असताना मराठी कान ती पहिल्या प्रकारची समजतो.

‘विरुद्धकण’ मात्र नको. कण आणि प्रतिकण यांचे वस्तुमान सारखेच असते, आणि न्यूट्रॉनप्रमाणे प्रतिन्यूट्रॉनचाही विद्युतभार शून्य असतो. फरक घटकांत आहे, कारण न्यूट्रॉन ज्या मूलकणांचा बनतो त्या एक अप आणि दोन डाउन क्वार्कांच्या जागी तेथे त्यांचे प्रतिक्वार्क असतात. ‘प्रतिपक्ष’ आणि ‘प्रतिरूप’ या दोन्ही शब्दांत वावरणारा ‘प्रति’ हा उपसर्ग विरोध आणि साम्य एकदम सांगतो, ते ‘विरुद्ध’ला जमत नाही. आणि न्यूट्रॉनच्या बीटा-क्षयात बाहेर पडणारा कण, काटेकोर लिहायचे तर, प्रतिन्यूट्रिनो असतो.