‘कन्झ्यूम’ कुठे चालतो आणि कुठे नाही

प्रश्न : ऑफिसच्या रिपोर्टमधे मी ‘वी कन्झ्यूम्ड टू मीटिंग रूम्स’ असं लिहिलं तर सीनियरनी ते खोडून ‘यूज्ड’ केलं. डिक्शनरीत कन्झ्यूमपुढे यूज असंच दिलंय की, मग माझं चुकलं काय? आणि याचे बाकीचे समानार्थी शब्द कुठे वापरायचे तेही सांगा.

उत्तर : सीनियरचं बरोबर आहे. डिक्शनरी परत उघडून बघा, तिथे बहुतेक नुसतं यूज नसून ‘यूज अप’ असेल, आणि सगळी गोम त्या ‘अप’मधे आहे. यूज केलेली वस्तू नंतर जागेवर असते, कन्झ्यूम केलेली संपलेली असते. मीटिंग रूम तुम्ही उठल्यावर दुसरी टीम वापरणारच आहे ना, मग ती कन्झ्यूम कशी होईल? हातोडी यूज होते, खिळे यूज अप होतात. प्रिंटर यूज होतो, शाई कन्झ्यूम होते.

मला स्वतःला यासाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला शब्द मराठीतलाच आहे, तो म्हणजे ‘खाणे’. आपण गाडी पेट्रोल खाते म्हणतो, फोन बॅटरी खातो म्हणतो, आणि टाइम-कन्झ्यूमिंगला तर आपल्याकडे ‘वेळखाऊ’ हा इतका नेमका शब्द आहे की वेगळं भाषांतर करायची गरजच नाही. घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडलं असं बातमीत येतं, इंग्रजीत तेच घर ‘कन्झ्यूम्ड बाय फायर’ होतं, म्हणजे दोन्हीकडे आग खातेच आहे. एखादी चूक झाल्यावर आपलं मन आपल्याला खात राहतं, इंग्रजीत तो माणूस ‘कन्झ्यूम्ड विथ गिल्ट’ असतो (इथे विथ किंवा बाय लावा, ऑफ लावू नका). त्यामुळे शंका आली की तिथे मनात खाणे घालून बघा. मीटिंग रूम खाल्ली? नाही बसत, म्हणजे यूज लिहायचं.

पण एक गंमत म्हणजे खऱ्या खाण्यापिण्याबद्दल साधं बोलताना कन्झ्यूम नको. पाकिटावर ‘उघडल्यावर तीन दिवसांत कन्झ्यूम करा’ ठीक आहे, डॉक्टरांच्या रिपोर्टमधे अल्कोहोल कन्झम्प्शन ठीक आहे, पण मित्राला ‘मी लंच कन्झ्यूम केला’ म्हणालात तर ते सरकारी कागद वाचल्यासारखं वाटतं. सरळ ईट, ड्रिंक, हॅव म्हणा.

आता बाकीचे शब्द. एक्झॉस्ट म्हणजे शेवटचा थेंबही न ठेवता संपवणं, लॅटिनमधे मुळात ‘उपसून काढणे’ असा अर्थ होता आणि अगदी दमलेल्या माणसालाही एक्झॉस्टेड म्हणतात ते त्यामुळेच पटकन लक्षात राहतं. फक्त एक्झॉस्टिंग आणि एक्झॉस्टिव यांची गल्लत फार लोक करतात, पहिला म्हणजे दमवणारा आणि दुसरा म्हणजे काहीही न सोडता सगळं घेतलेला, तेव्हा रिपोर्टला कौतुकाने एक्झॉस्टिंग म्हणू नका! डिप्लीटमधे साठा हळूहळू खाली जातो, पूर्ण संपलाच पाहिजे असं नाही, म्हणून जमिनीखालचं पाणी, मासे, ओझोनचा थर यांच्यासोबत तो येतो. एक्सपेंड हा एनर्जी, मेहनत, पैसा यांच्यासाठीचा जरा फॉर्मल शब्द, रोजच्या बोलण्यात स्पेंड पुरतो. डिवावर म्हणजे अधाशासारखं फस्त करणं, पुस्तकसुद्धा डिवावर करतात. वेस्ट मात्र यांच्यात मोजू नका कारण त्यात वाया गेल्याचा ठपका आहे, आणि कन्झ्यूममधे तसा ठपका नाही. युटिलाइझबद्दल माझं मत स्पष्ट आहे, दहापैकी नऊ वेळा तिथे यूज जास्त चांगलं दिसतं, पडून असलेली गोष्ट मुद्दाम कामाला लावली असेल तेव्हाच तो शोभतो.

हल्ली ‘कंटेंट कन्झ्यूम करणे’ सगळीकडे ऐकू येतं. चूक म्हणता येणार नाही, डिक्शनऱ्यांनी हा अर्थ घेतलाय, पण पिक्चर बघून झाल्यावर तो संपत नाही, दुसऱ्यालाही तसाच्या तसा मिळतो, म्हणून मी अजूनही वॉच, रीड, लिसन हेच लिहिते आणि तुम्हालाही तेच सुचवेन.

प्रश्न : कन्झ्यूमचं नाम ‘कन्झ्यूमेशन’ का नाही?

उत्तर : कारण हा शब्द अझ्यूम, प्रिझ्यूम, रिझ्यूम यांच्या घरातला आहे. सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘सुमेरे’ म्हणजे घेणे, आणि सगळ्यांच्या नामात एक ‘प’ येतो : अझम्प्शन, प्रिझम्प्शन, रिझम्प्शन, कन्झम्प्शन. तो प स्पेलिंगमधे गाळू नका. आणि कन्झ्यूमेशनच्या जवळ जाणारा जो शब्द इंग्रजीत आहे, कॉन्समेशन, तो पूर्तीसाठी, आणि विशेषतः लग्नानंतरच्या पहिल्या शरीरसंबंधासाठी वापरतात, त्याचं मूळही वेगळं आहे, म्हणून वीजबिलाच्या पत्रात तो चुकूनही जायला नको.

जुन्या इंग्रजी कादंबरीत एखादं पात्र कन्झम्प्शनने गेलं असं वाचलंत तर ते खाऊन खाऊन गेलं असं समजू नका, तो टीबी आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं, पण त्याआधी कितीतरी वर्षं लोकांना दिसत होतं ते इतकंच की माणूस आतून झिजत, संपत चाललाय. इंग्रजांनी त्याला कन्झम्प्शन म्हटलं, आपण क्षय म्हटलं.