विंडोज ९८ आणि जुन्या मॅकवरचं वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर आज पुन्हा चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९८ च्या सुमाराचा असेंबल्ड पीसी (विंडोज ९८, शिवाय डॉस) आणि एक जुना मॅकिंटॉश तुम्ही चालू केलात. दोन्हीवर नेटवर्कवरून वेळ घेणारं त्या काळातलं सॉफ्टवेअर आहे, पण ते 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून अडतं. मग ते जिवंत करायचं, की नवं लिहायचं?

जिवंत करा. ते सॉफ्टवेअर बहुधा ठणठणीत असतं. त्याच्या आत लिहून ठेवलेला सर्व्हरचा पत्ता तेवढा गेलेला असतो.

विंडोज ९८ वर आजची वेबसाइट उघडत नाही, कारण नवं एन्क्रिप्शन त्याला झेपत नाही. वेळेच्या बाबतीत ही अडचण येत नाही. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा प्रोटोकॉल (मशीनांनी आपसात बोलायचे ठरलेले नियम), डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडला, १९९२ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि २०१० मध्ये चौथी. पण मूळ पाकीट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, पॅकेट) आजही तिसऱ्या आवृत्तीइतकंच, म्हणजे ४८ बाइटचं आहे, उघडं जातं आणि उघडं येतं. (एन्क्रिप्शनची सोय २०२० मध्ये आली, पण ती ऐच्छिक आहे.) आजचे सर्व्हर तिसऱ्या आवृत्तीच्या प्रश्नाला मुकाट्याने उत्तर देतात. आणि जुन्या मशीनला हे जड जाईल का, ही शंका तर सोडूनच द्या. मिल्स यांनी हे सगळं ज्या पीडीपी-११ जातीच्या जुन्या संगणकांवर घडवलं, त्यांच्यापुढे तुमचं पेंटियम म्हणजे राक्षस आहे.

पत्ते का गेले? नव्वदच्या दशकातल्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या सर्व्हरची यादी थेट लिहिलेली असायची. पुढे गर्दी इतकी वाढली की अनेकांनी दार लावून घेतलं. २००३ मध्ये एका कंपनीच्या घरगुती राउटरांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरवर पाकिटांचा पूर आणला होता. पत्ता राउटरमध्येच कोरलेला, आणि उत्तर आलं नाही की दर सेकंदाला पुन्हा विचारणा. स्वयंसेवकांच्या सर्व्हरचा सामाईक 'पूल' त्याच वर्षी सुरू झाला, त्यामुळे त्याआधीच्या सॉफ्टवेअरला तो माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर बदलायची जागा असेल तर तिथे पूलचा भारतातला पत्ता टाका, काम झालं. जागा नसेल तर विंडोज फोल्डरमधली होस्ट्स फाइल वापरा. तिथे 'होस्ट्स डॉट सॅम' नावाचा नमुना असतो. त्याची प्रत करून एक्स्टेंशन काढून टाका आणि आत जुन्या सर्व्हरच्या नावासमोर चालू सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला नेटवर्क पत्ता) लिहा. सॉफ्टवेअर जुन्याच नावाने हाक मारतं, ओ मात्र दुसराच देतो.

पण पूलमधल्या सर्व्हरचे आयपी बदलत असतात, म्हणून माझं मत विचाराल तर घरातच एक सर्व्हर उभा करा. जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा लिनक्स संगणक) पुरतो. त्यावर क्रोनी हे वेळ-सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाका, सेटिंग फाइलमध्ये 'अलाउ' या शब्दापुढे घरच्या नेटवर्कचा पत्ता लिहा (ही ओळ नसेल तर क्रोनी कुणालाच वेळ देत नाही, आणि लोक तासन्‌तास जुन्या पीसीला दोष देत बसतात). पायने स्वतःची वेळ घ्यायची ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून घ्या. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम त्यांचंच आहे. घरच्या सर्व्हरचा दुसरा फायदा असा, की काही जुनी सॉफ्टवेअर एनटीपी बोलतच नाहीत. ती १९८३ चा 'टाइम प्रोटोकॉल' वापरतात, पोर्ट ३७ वर (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक सेवेच्या दाराचा क्रमांक). बाहेर हे पोर्ट उघडं ठेवणारे आता फार थोडे. लिनक्सवर मात्र एक्सआयनेटडी या छोट्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही सेवा आयती असते, नुसती चालू करायची.

तुमचं सॉफ्टवेअर यातलं काय बोलतं हे ओळखायला जुन्या पीसीला सर्व्हर म्हणून रास्पबेरी पायचा आयपी द्या आणि पायवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पाहा. पोर्ट १२३ वर ४८ बाइटचं पाकीट आलं आणि त्याचा पहिला बाइट सोळाच्या पायात (हेक्साडेसिमलमध्ये) '१बी' असला, तर ते एनटीपीची तिसरी आवृत्ती बोलणारं क्लायंट आहे. '०बी' म्हणजे पहिली आवृत्ती, '२३' म्हणजे चौथी. पोर्ट ३७ दिसलं तर वर सांगितलेली सोय करा. काहीच दिसलं नाही तर दोष नेटवर्क कार्डात किंवा टीसीपी/आयपीच्या (इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलच्या) सेटिंगमध्ये आहे, वेळेच्या सॉफ्टवेअरला हात लावू नका. आणि हो, वायफायच्या नादी लागू नका. साधी लॅन केबल.

या सगळ्याच्या आधी मदरबोर्डवरची बॅटरी बघा. पीसीमध्ये नाण्यासारखी सीआर२०३२ असेल तर बदलायला दोन मिनिटं. ३८६ किंवा ४८६ च्या काळातल्या बोर्डवर निळी नळकांडीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल, तर ती आजच काढा. ती गळते आणि बोर्डवरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. मॅकमधली ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरीही याच कारणासाठी बदनाम आहे. मॅक सुरू होताच १९०४ किंवा १९५६ साल दाखवत असेल, तर तिचा कार्यभाग संपला.

वेळ आली, पण साडेपाच तासांनी चुकली, ही पुढची तक्रार हमखास येते. एनटीपी फक्त ग्रीनिचची वेळ देतं, बाकी गणित आपल्या मशीनचं. विंडोज ९८ च्या यादीत आपला विभाग 'बॉम्बे, कलकत्ता' या जुन्या नावांनी सापडेल. काही जुनी सॉफ्टवेअर फरक फक्त पूर्ण तासांत मागतात. अर्धा तास नावाची गोष्ट जगात असते हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं! तिथे घरच्या सर्व्हरवरूनच स्थानिक वेळ देण्याची पळवाट काढावी लागते, पण तो सर्व्हर मग फक्त त्या एका मशीनपुरता ठेवा. एका बाबतीत मात्र आपण सुखी आहोत. अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळेच्या तारखा बदलल्या, त्यामुळे न्यू जर्सीतल्या माणसाचं विंडोज ९८ वर्षातले काही आठवडे तासाने चुकतं. आपल्याकडे ती भानगडच नाही.

डॉससाठी जुनं काही शोधू नका. मायकेल ब्रटमन यांचं एमटीसीपी हा डॉससाठीचा नेटवर्क प्रोग्रॅमांचा संच घ्या. ते मूळ आयबीएम पीसीवरही चालतं आणि त्यात वेळ घेणारा छोटा प्रोग्रॅम आहे. नेटवर्क कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर आणि वेळेचा विभाग सांगणारं 'टीझेड' हे व्हेरिएबल एवढं लागतं. त्यात 'आयएसटी-५:३०' लिहायचं. चिन्ह उणेच, कारण या पद्धतीत ग्रीनिचच्या पूर्वेला उणे धरतात. ऑटोएक्झेक फाइलमध्ये एक ओळ टाकली की झालं. मात्र अचूकतेचा हट्ट धरू नका. डॉसचं घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ टिकटिकींवर चालतं, म्हणजे एक टिक साधारण ५५ मिलिसेकंदांची, आणि एखाद्या गेमने इंटरप्ट (घड्याळाकडून प्रोसेसरला येणारे इशारे) अडवले की काही टिक गळतात. सेकंदाच्या आत आलात तरी भरपूर. पीसी-एक्सटीमध्ये तर बॅटरीवरचं घड्याळ मुळातच नसायचं. तिथे नेटवर्क हेच घड्याळ.

तरीही स्वतः लिहायची खुमखुमी असेल तर तीही भागवून घ्या, काम छोटं आहे. कॉलेजातलं टर्बो सी चालेल. ४८ बाइट घ्या, पहिला '१बी', बाकी शून्य, पोर्ट १२३ वर पाठवा. उत्तरातले शून्यापासून मोजून ४० ते ४३ हे चार बाइट म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद. त्यातून २,५२४,५२१,६०० वजा केलेत की १९८० पासूनचे सेकंद मिळतात, म्हणजे डॉसचा शून्यकाळ. त्यात भारतासाठी १९,८०० मिळवा. फक्त 'अनसाइन्ड लाँग' वापरा. १९०० पासूनच्या सेकंदांचा आकडा १९६८ मध्येच साध्या लाँगच्या मर्यादेबाहेर गेला आहे, त्यामुळे व्हिज्युअल बेसिकमध्ये तो उणे दिसेल. ७ फेब्रुवारी २०३६ ला तो पुन्हा शून्यावर येईल, तेव्हा वरचा बिट शून्य असेल तर २०३६ नंतरचा काळ धरायचा, अशी सोय १९९६ च्या एसएनटीपीच्या (एनटीपीच्या सोप्या रूपाच्या) मसुद्यातच सांगितलेली आहे. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरने ती पाळली आहे का, हे पायची तारीख पुढे ढकलून आजच तपासता येतं.

आता मॅक, आणि खरी गंमत इथे आहे. मॅक ओएस ८.५ किंवा पुढचं असेल तर तारीख-वेळेच्या कंट्रोल पॅनलमध्येच नेटवर्क सर्व्हरचा पर्याय आहे. तिथे पायचा आयपी टाका. त्याहून जुनं असेल आणि तुमचं सॉफ्टवेअर टीसीपी/आयपी न वापरता ॲपलटॉकवर (ॲपलच्या जुन्या, स्वतःच्या नेटवर्क पद्धतीवर) वेळ मागत असेल, तर ते बहुधा 'टार्डिस' असेल. याचा सर्व्हर 'टाइमलॉर्ड', मेलबर्न विद्यापीठातला. तो लिनक्सवरच्या नेटाटॉकसोबत (मॅकना सेवा देणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरसोबत) यायचा. २०१२ मध्ये नेटाटॉक ३ ने ॲपलटॉकच काढून टाकलं, आणि बरीच वर्षं हौशी मंडळी आवृत्ती २ जपून वापरत राहिली. २०२४ मध्ये नेटाटॉक ४ ने ॲपलटॉक परत आणलं आणि टाइमलॉर्डही. तेव्हा जुनं पॅकेज उकरत बसू नका, ४ घ्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ॲपलटॉक मोड्यूल आहे ना, एवढं आधी पाहा. मॅकवर वेळ साडेपाच तासांनी मागे दिसली तर सर्व्हर ग्रीनिचची वेळ देतो आहे, तिथेच दुरुस्त करा. मॅक आपल्या घड्याळात स्थानिक वेळच ठेवतो.

तुमच्या मॅकला इथरनेट नसेल, म्हणजे प्लस किंवा साधा एसई असेल, तर मधे लोकलटॉक (जुन्या मॅकची केबल-जोडणी) ते इथरनेट असा ब्रिज, म्हणजे दोन्ही जोडणारी पेटी, लागेल. मॅकचं मॉडेल आणि टीसीपीडंपमध्ये दिसलेलं पोर्ट खाली लिहा, म्हणजे नेमकी कोणती केबल घ्यायची ते सांगतो.