काकूंना विचारा : फेझ ते मराकेश, वाळवंटाच्या वाटेने

प्रश्न : नमस्कार काकू. एप्रिलमध्ये आम्ही चौघं मोरोक्कोला निघालोय : मी, नवरा आणि माझे आईबाबा. फेझला उतरायचं आणि मराकेशहून परत यायचं. मधल्या प्रवासासाठी तिथल्या एका एजन्सीने तीन दिवस, दोन रात्रींचा बेत पाठवलाय. गाडी आणि चालक फक्त आमच्यासाठी. पहिल्या दिवशी फेझहून थेट मर्झूगा आणि संध्याकाळी उंटावरून तंबूत. दुसऱ्या दिवशी दादेस. तिसऱ्या दिवशी आइत बेनहद्दू बघून मराकेश. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पक्की शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. तीन दिवस पुरतील का? आणि गटाच्या सहलीपेक्षा खासगी गाडीला बरेच जास्त पैसे पडतात, ते वसूल होतात का?

उत्तर : काकू म्हणालीस, तेव्हा एकेरीवरच येते.

तीन दिवसांत होतो हा प्रवास. पण आधी नकाशा उघड. फेझ ते मर्झूगा साधारण 470 किलोमीटर, मर्झूगा ते मराकेश साडेपाचशेच्या वर, आणि दोन्हीकडे अ‍ॅटलसचे घाट. पहिल्या दिवशी नुसती चाकं फिरण्याचेच आठ तास. कागदावर 'इफ्रान, अझरूचं देवदारवन, मिदेल्त, झीझचं खोरं' अशी झकास नावं लिहिलेली असतात. प्रत्यक्षात सूर्यास्ताच्या आत तुम्हाला उंटावर चढवायचं असतं, म्हणून चालक प्रत्येक ठिकाणी गाडीचं इंजिन चालू ठेवूनच उभा राहतो.

आता पैशांचं. थंडगार गाडी आणि पाण्याच्या बाटल्या गटाच्या सहलीतही मिळतात. तिथे मिळत नाही ते 'जरा थांबवा हो' म्हणण्याचं स्वातंत्र्य. खासगी गाडीचे जास्तीचे पैसे त्याचेच. बेतच इतका घट्ट असेल की थांबायला सवड नाही, तर ते पैसे पाण्यात गेले. म्हणून माझं म्हणणं : मराकेशमधला एक दिवस काप आणि रस्त्यावर चौथा दिवस घाल.

बहुतेक जण तुला सांगतील, तो दिवस मर्झूगाला घाल, वाळूत दोन रात्री राहा. मी नाही सांगणार, निदान आईबाबा बरोबर असताना तरी नाही. पहिला टप्पाच दोन दिवसांत तोड. पहिली रात्र मिदेल्तला किंवा त्याच्या पुढे झीझच्या खोऱ्यात काढा. मिदेल्त दीड हजार मीटर उंचीवरचं सफरचंदांचं गाव आहे. बघण्यासारखं फार नाही, पण झोप छान लागते.

असं केलंस की तो रस्ता नीट दिसतो. इफ्रान हे फ्रेंचांनी 1929 मध्ये वसवलेलं थंड हवेचं ठिकाण. उतरत्या कौलांची घरं बघून आपण आफ्रिकेत आहोत यावर बाबांचा विश्वास बसणार नाही. 1935 मध्ये तिथे उणे 23.9 अंश तापमान नोंदलं गेलं. आफ्रिकेतला तो नीचांक आजही मोडलेला नाही. अझरूच्या देवदारांखाली बिनशेपटीची माकडं येतात. शेंगदाण्याच्या पुड्या विकणारे पाठी लागतील, त्यांना हसून नाही म्हणायचं. पुढे घाट चढून उतरलात की हिरवं हळूहळू कमी होत जातं, डोंगर तांबडे होतात, आणि एर्राशिदियाच्या पुढे रस्ता एकदम झीझच्या खोऱ्याच्या कडेवर येतो. इथे गाडी थांबवायचीच. चालकाला सकाळीच सांगून ठेव. खाली, दोन उघड्याबोडक्या कड्यांच्या मधे, खजुरीच्या झाडांचा हिरवा पट्टा नदीबरोबर वळत गेलेला असतो. पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं. पुढे गवताचं पातंसुद्धा नाही.

मला विचारशील तर या प्रवासात बघायचं ते हे, पाणी. वाळू मर्झूगाला आहेच. एर्ग शेब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत चढतात आणि संध्याकाळच्या उन्हात त्यांचा रंग खरंच फोटोतल्यासारखा होतो. पण मोरोक्कोचं वाळवंट बहुतांशी दगडगोट्यांचं आणि मुरमाड आहे. माणसं तिथे टिकली कशी, याचं उत्तर रस्त्याच्या कडेला आहे. मर्झूगाहून तिनघीरकडे जाताना, एरफूद सोडल्यावर, माळावर मातीच्या ढिगांची रांग दिसेल, वारुळं ओळीने मांडल्यासारखी. ती खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उताराच्या जोरावर, कित्येक किलोमीटर लांबच्या शेतापर्यंत आणायचं. उन्हात वाफ होऊन पाणी उडायला नको, म्हणून सगळा कारभार जमिनीखाली. ते ढीग म्हणजे बोगदा खणताना आणि साफ करताना विहिरीसारख्या भोकांतून वर काढलेली माती. मोटारपंप आले, भूजल खाली गेलं आणि बऱ्याच खेत्तारा कोरड्या पडल्या. काही ठिकाणी पायऱ्या उतरून आत जाता येतं. बाबांनी वरूनच डोकावावं, तेवढ्यानंही कळतं. एजन्सीच्या कागदावर खेत्तारा बहुधा नसेल. तू लिहून घे.

दुसरं लिहून घ्यायचं ते रिसानी. मर्झूगाच्या थोडं अलीकडचं हे गाव चहापुरतं थांबून मागे टाकतात. याला लागूनच सिजिल्मासाचे अवशेष आहेत. आठव्या शतकात वसलेलं हे शहर सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याच्या व्यापाराची उत्तरेकडची पेठ होतं. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी काझी म्हणून राहिलेला इब्न बतूता 1352 मध्ये इथूनच तांड्याबरोबर मालीकडे निघाला. आज मातीच्या भिंतींचे तुकडे उरलेत, पाटी वाचल्याशिवाय कळायचंही नाही. पण रिसानीचा बाजार जिवंत आहे. तो मंगळवार, गुरुवार आणि रविवारी भरतो. तुमचे दिवस त्यावर बेतता आले तर बघ. बाजाराबाहेर गाढवं बांधायला वेगळी जागा असते. बाबा तिथेच रमतील.

उंटाचं स्पष्ट सांगते. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, तेव्हा माणूस पुढे फेकला जातो. बसताना पुन्हा तेच. खोगीर रुंद, रिकीब नाही, पाय लोंबकळत ठेवून तास-दीड तास बसायचं. गुडघ्यांपेक्षा मांड्या आणि कंबर जास्त बोलतात. आईबाबांना तंबूपर्यंत जीपने न्यायची सोय बहुतेक सगळे करतात, मात्र आधी कळवावं लागतं. तंबू घेणार असाल तर स्वच्छतागृह आतच आहे ना, कमोड आहे ना, हे विचार. रात्री वाळूत पाय रुतवत शंभर पावलं जाणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे वाळूच्या काठावर गावातच हॉटेलं आहेत, तिथे आईबाबांना ठेवा आणि तुम्ही दोघं उंटावरून फिरून या. चांदणं तिथूनही तितकंच दिसतं. एप्रिलमध्ये वारा सुटला तर वाळू नाकातोंडात जाते, तेव्हा प्रत्येकाजवळ मोठा सुती रुमाल हवा. रात्री स्वेटरही लागेल.

आईच्या जेवणाची काळजी करण्यासारखी आहे, पण उपाशी नाही राहणार. 'भाज्यांचं ताजीन', म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेली रस्साभाजी, सगळीकडे मिळतं. गोम असते ती मटणाच्या रश्श्यात शिजवून वाढताना तुकडे काढून ठेवण्यात; त्यांच्या लेखी ते शाकाहारी झालं. म्हणून 'बला ल्हम', म्हणजे मांसाविना, एवढं म्हणून थांबू नका. रस्साही मांसाचा नको, हे चालकाकरवी स्वयंपाकघरात कळवा. हरीरा नावाचं सूप टाळा, त्यात बऱ्याचदा मांस असतं. झालूक मागवा : वांगं आणि टोमॅटो ठेचून केलेला प्रकार, आपल्या भरताच्या चुलतघरचा. टोमॅटोत शिजवलेला पांढरा राजमा, लूबिया, तोही छान. फक्त रश्श्याची चौकशी तिथेही करायची. सकाळी म्सेमेन, म्हणजे घडीची चौकोनी पोळी, मधाबरोबर. शाकाहारी म्हटलं की तिथे लगेच ऑम्लेट पुढे करतात, तेव्हा अंड्याचंही आधीच सांग. खजूर, संत्री, ऑलिव्ह आणि पाव यांना तोटा नाही. आणि पुदिन्याचा चहा कमी साखरेचा हवा असेल तर उकळायच्या आधी सांगावं लागतं, किटलीत साखर आधीच पडलेली असते.

दादेसच्या वाटेवर, तिनघीरजवळ लागणारी तोद्राची घळ दोन बाजूंना तीनशे मीटरचे कडे आणि मधे ओढा अशी आहे. रस्ता आतपर्यंत जातो, बाबांना चालावं लागणार नाही. तिसरी रात्र दादेसलाच काढा. वारझाझातला चित्रपटांचा स्टुडिओ मी वगळेन. प्लायवूडचा इजिप्त बघायला एवढ्या लांब जायला नको. आइत बेनहद्दू मात्र सकाळी लवकर गाठा. मातीचं ते तटबंद गाव 1987 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. 8 सप्टेंबर 2023 च्या भूकंपात त्याचीही काही पडझड झाली. वर चढायला पायऱ्या आणि उखडलेले दगड आहेत. बाबा नदीच्या अलीकडच्या गच्चीवर बसले तरी सगळं गाव समोर दिसतं. मग तिझी न तिश्काचा घाट, 2260 मीटर. वळणांनी ज्याला गाडी लागते त्याने गोळी निघण्याआधी घ्यावी, वरती पोचून नव्हे.

आता एजन्सीला पत्र लिही. रोज किती तास गाडी चालणार ते विचार. 'गालिचे, आर्गन तेल, जीवाश्म यांची दुकानं आम्ही म्हटल्याशिवाय नकोत', हे त्याच शब्दांत लिही. चालकाला तिथे दलाली मिळते आणि त्यावर रागवायचं कारण नाही, पण तुमचा दीड तास जातो. एरफूदच्या जीवाश्मांत बनावट माल भरपूर असतो. त्रिखंडी किडा (ट्रायलोबाइट, दगडात उमटलेला प्राचीन समुद्री जीव) जितका सुबक आणि काटेरी, तितका संशय घ्यावा. चालकाच्या राहण्याजेवणाचा खर्च कोणाकडे, हेही विचार. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळते : चालक हा वाटाड्या नसतो. फेझच्या जुन्या शहरात गाडी शिरत नाही आणि आत हिंडवायला परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक वेगळा घ्यावा लागतो. नवव्या शतकातल्या करवियीन मशिदीभोवतीच्या त्या बोळांत त्याच्याशिवाय आईबाबांना नेऊ नकोस.

दिरहम देशाबाहेर सहसा मिळत नाहीत, विमानतळावर उतरल्यावरच घ्या. वीसच्या नोटा आणि दहाची नाणी जपून ठेवा, बक्षिशीला आणि वाटेतल्या स्वच्छतागृहांना सतत लागतात.

प्रश्न : मी आणि माझा मित्र हाच रस्ता भाड्याच्या गाडीने, स्वतः चालवत करू म्हणतो. धोक्याचं आहे का? फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही आणि नाही. फेझ-मर्झूगा-मराकेश रस्ता सगळा डांबरी आहे, साधी छोटी गाडी पुरते. वाळूत मात्र ती घालू नका. तिथून ओढून काढणारे लोक टपलेलेच असतात आणि त्यांचा दर तेच ठरवतात.

गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे गिअर उजव्या हाताला. पहिला दिवस फेझबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सवय करण्यात घालवा. आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असू द्या. वस्तीत ताशी 60, बाहेर 100 ही मर्यादा गंभीरपणे घ्या, कारण पोलीस रडार घेऊन अगदी निर्मनुष्य वाटणाऱ्या वळणावर उभे असतात. गावाच्या तोंडाशी नाका दिसला की वेग अगदी कमी करा, थांबण्याची पाटी असेल तर पाटीपाशीच थांबा, आणि हाताने खूण केल्यावरच पुढे जा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. दिवे नसलेली सायकल, गाढवगाडी, रस्ता ओलांडणारी मेंढरं, सगळं रात्रीच भेटतं.

'पुढे रस्ता बंद आहे, माझ्यामागे या' म्हणणारा दुचाकीस्वार भेटला तर आभार मानून सरळ जा. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे पैसे लागतात, ते आधी विचारा. कधी कधी ते ऐकून चालकासह गाडी बरी वाटायला लागते. दोघंच असाल, तरुण असाल, तर मी तरी स्वतः चालवेन.

प्रश्न : मुलांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळते (आम्ही परदेशात राहतो). मुलं सहा आणि नऊ वर्षांची. मर्झूगा जमेल का?

उत्तर : नको. त्या दिवसांत तिथे पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी वाळूवर चप्पल घालूनही उभं राहवत नाही, आणि मुलांना दहा ते सहा खोलीत कोंडून ठेवावं लागेल. तेवढ्यासाठी दोन दिवसांचा रस्ता तुडवायचा? उन्हाळ्यात जायचंच असेल तर अटलांटिकच्या काठचं एसावीरा बघा. मराकेशहून सुमारे तीन तासांवर आहे, वारा इतका की ऑगस्टमध्येही संध्याकाळी जाकीट लागतं. तटबंदीवर तोफा मांडलेल्या आहेत, खाली निळ्या होड्यांचा धक्का आहे आणि समुद्रकिनाऱ्यावर उंटही आहेत. वाळवंट मुलांना डिसेंबरच्या सुट्टीत दाखवा, पण मग रात्रीसाठी कानटोप्या न्या आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तिश्काच्या घाटात बर्फ आहे का ते विचारा. बर्फ पडला की तो कधी काही तास, कधी दिवसभर बंद ठेवतात.