सातबारा, पासपोर्ट आणि ओलं सोयाबीन

प्रश्न : ताई, मी मूळचा औसा तालुक्यातला. कॅलिफोर्नियात सॅन होजेला सेन्सरच्या चिपवर काम करतो. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली, आता नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. भाऊ म्हणतो, तिकडचा झालास की सातबाऱ्यावरचं नाव जाईल. वडिलांनंतर वारसानं आम्हा दोघांची नावं लागली आहेत. बांधाला लागून दोन एकर विकायला निघालंय, ते आधीच घेऊन टाकू का? सोयाबीनचा ओलावा मोजणारं स्वस्त यंत्र करायचंही मनात आहे. ऑफिसात मी इमिग्रंट, गावात अमेरिकावाला. मी नेमका कुठला?
– एक वाचक

उत्तर : दादा, वारसानं आलेली जमीन नागरिकत्व बदललं म्हणून जात नाही. भावाला हे आजच फोन करून सांगा. शेजारची दोन एकर मात्र तुम्हाला आत्ताही घेता येणार नाही. परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, मग पासपोर्ट कुठलाही असो. भावाच्या नावावर आपल्या पैशानं घेऊ, असा विचार मनात असेल तर सोडून द्या, ते बेनामीत अडकू शकतं. त्याला विहिरीला, ठिबकला मदत करा.

जाणार आहे तो तुमचा मतदानाचा हक्क. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर जन्मभर येता-जाता येतं, मतदान करता येत नाही. मला विचाराल तर सही करण्याआधी विचार करावा तो याचा.

यंत्राबद्दल वाचून मला फार आनंद झाला. मी अंबाजोगाईची. सांता क्लारात चिप तपासायचं काम केलं, आता संभाजीनगरात असते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल करावी लागली. मोंढ्यात मूठभर दाणे हातात घेऊन ‘माल ओला आहे’ म्हटलं की भाव पडतो, आणि शेतकऱ्याच्या हातात उलट दाखवायला आकडा नसतो. हे पाहिलेला माणूस तुमच्या ऑफिसात दुसरा कोण असणार? तुम्हाला हा प्रश्न सुचला तो औशाचे म्हणून, आणि सोडवता येईल तो सॅन होजेत शिकलात म्हणून. यातलं एक निवडायला तुम्हाला कोण सांगतंय?

फक्त नोकरीचा करार नीट वाचा. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचं कलम २८७० असं की, स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधनं किंवा गुपितं न वापरता केलेला शोध कंपनीला मागता येत नाही. पण तो कंपनीच्या धंद्याशी किंवा तिथल्या तुमच्या कामाशी निगडित असेल तर ही सवलत मिळत नाही. तुम्ही सेन्सरवरच काम करता, त्यामुळे इथंच खरी अडचण येऊ शकते. सुरुवात करण्याआधी वकिलाला दाखवा आणि कंपनीकडून लेखी घ्या.

ते झालं की पहिला नमुना भावाकडे पाठवा. परभणीच्या कृषी विद्यापीठात ओव्हनमध्ये दाणे वाळवून ओलावा काढून मिळतो का, हे त्याला विचारायला सांगा. त्या आकड्याशी तुमच्या यंत्राचा आकडा जुळला, तरच ते मोंढ्यात न्या.