एसीएस पॅचवाला कर्नल टाकण्याआधी कार्डांची अदलाबदल करून बघा (आणि माझी २ टीबीची रडकथा)

लिनक्सवर विंडोजची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर) चालवून तिला अख्खं ग्राफिक्स कार्ड द्यायचंय आणि ते अडतंय, ही तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला, कारण तुमचा ग्रुप १४ (ज्यातली उपकरणं सुटी करता येत नाहीत, व्हीएमला एकत्रच द्यावी लागतात, असा गठ्ठा) म्हणजे अगदी माझाच लॉकडाऊनच्या वर्षीचा ग्रुप आहे. बी४५० चिपसेटचं बोर्ड, वरच्या स्लॉटमध्ये होस्टसाठी (म्हणजे मूळ लिनक्ससाठी) जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, खालच्यात विंडोजला द्यायचं जीटीएक्स १०६०, आणि व्हीएम सुरू करायला गेलं की 'ग्रुप इज नॉट व्हायेबल' म्हणून क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) हात वर करतं. आत बघावं तर ग्राफिक्स कार्डासोबत लॅन, साटा, यूएसबी सगळी बिऱ्हाडं एकाच ग्रुपात. आता कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की एसीएस (उपकरणांमधला आपापसातला थेट व्यवहार अडवणारी पीसीआयची सोय) ओव्हरराइडचा पॅच असलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) टाक, आणि तुम्ही विचारताय की कुठला टाकू आणि धोका कितपत.

बायोसमध्ये आयओएमएमयू (कुठलं उपकरण कुठल्या मेमरीला हात लावू शकतं ते आवरणारा भाग) चालू करणं वगैरे तुम्ही केलंच असणार, नाहीतर ग्रुपच दिसले नसते, ते सोडून देतो.

माझं मत विचाराल तर आज टाकूच नका. आधी कॅबिनेट उघडा आणि दोन्ही कार्डं अदलाबदल करा. बी४५० वर वरचा मोठा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, तिथल्या कार्डाला बहुतेक वेळा स्वतःचा वेगळा ग्रुप मिळतो, पॅच न लावता. खालचा स्लॉट चिपसेटमागून येतो आणि चिपसेटमागचं सगळं एका ग्रुपात. मी उलटं का केलं तर बायोस नेहमी वरच्याच कार्डावर डिस्प्ले काढायचं आणि मला तो होस्टचा हवा होता, बस एवढ्यासाठी. अदलाबदल केल्यावर विंडोजचं कार्डच बूटचं कार्ड होतं आणि मग 'बार ० कान्ट रिझर्व्ह' अशी एरर येते (बार म्हणजे कार्डाच्या मेमरीचा पत्ता), कारण कर्नलचा फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवणारा भाग) त्या मेमरीवर आधीच ठाण मांडून बसलेला असतो. त्याला नव्या कर्नलवर सिसएफबी (तो फ्रेमबफर सुरू करणारा भाग) ब्लॅकलिस्ट करायचा आणि एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कार्डाच्या बायोसची रॉम फाइल द्यायची, एका संध्याकाळचं काम आहे. मी ती संध्याकाळ वाचवायला गेलो आणि पुढे काय झालं ते सांगतो.

पॅच करतो काय हे आधी नीट लक्षात घ्या. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या ॲलेक्स विल्यमसनने, म्हणजे ज्याने व्हीएफआयओ (उपकरण होस्टकडून काढून व्हीएमला देणारा भाग) कर्नलमध्ये आणलं त्यानेच, २०१३ मध्ये हा पॅच लिहिला आणि मुख्य कर्नलमध्ये तो आजतागायत घेतलेला नाही. प्रॉक्समॉक्सच्या आणि झेन कर्नलमध्ये तो असतो, म्हणून लोकांना वाटतं की सर्रास चालतंय म्हणजे ठीकच असेल. तो हार्डवेअरला हातही लावत नाही. तो कर्नलला फक्त सांगतो की ह्या डिव्हाइसांमध्ये आडवा व्यवहार होत नाही, तू वेगळे ग्रुप कर. म्हणजे सातबारे वेगळे झाले पण बांध घातलाच नाही, शेत अजून एकच. बूट होताना डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) तो स्वतःच वॉर्निंग छापतो की आता आयओएमएमयूचं संरक्षण नसलेला डीएमए (उपकरणाने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) होऊ शकतो. मी ती रोज बघायचो, बघून बघून सवय झाली.

तर माझं असं. चिपसेटमागे १०६० शिवाय अजून दोन छोटी कार्डं होती, एक दोन पोर्टचं साटा कार्ड (त्यावर २ टीबीची फोटोंची डिस्क) आणि एक यूएसबी कार्ड, जे विंडोजला दिलेलं, ऑफिसच्या कॅड सॉफ्टवेअरच्या डाँगलसाठी (लायसन्सची यूएसबी चावी). (दोन्ही छोटे स्लॉट भरल्यावर माझ्या बोर्डवर खालचा मोठा स्लॉट अजून हळू व्हायचा, ते दुखणं वेगळंच.) पॅच लावल्यावर सगळे ग्रुप सुटे, सात-आठ महिने झकास चाललं. मग मी एनव्हीएमई एसएसडी घेतली आणि प्रोसेसरच्या एम.२ मध्ये टाकली. टाकली की सगळ्या पीसीआय बसचे नंबर एकाने सरकले. साटा कार्ड ०४:००.० वर होतं ते ०५:००.० वर आलं, यूएसबी कार्ड ०५ वरून ०६ वर, ग्राफिक्स ०६ वरून ०७ वर. व्हीएम सुरू होईना, ०६:००.१ सापडत नाही म्हणाली, तो ग्राफिक्स कार्डाचा आवाजाचा भाग. मी हुशार, एक्सएमएलमध्ये (व्हीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) जाऊन ग्राफिक्सच्या दोन्ही ओळी ०७ केल्या आणि खालची यूएसबीची ओळ तशीच राहिली, ०५:००.०. आता त्या पत्त्यावर माझं साटा कार्ड!

एक्सएमएलमध्ये मॅनेज्ड 'येस' होतं, म्हणजे लिबव्हर्टने (व्हीएम सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) काही न विचारता चालू होस्टकडून ते कार्ड काढलं आणि विंडोजला दिलं. साधा कर्नल असता तर लॅन त्याच ग्रुपात होस्टकडे आहे म्हणून व्हीएम सुरूच झाली नसती आणि विंडोजला ती डिस्क कधी दिसलीच नसती. मी ज्या एररला वर्षभर शिव्या घालत होतो ती एरर माझी राखण करत होती.

आणि योग बघा, त्याच दिवशी मी नव्या एसएसडीवर विंडोजसाठी ५०० जीबीची व्हर्च्युअल डिस्क बनवलेली. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, 'इनिशियलाइझ डिस्क' ची खिडकी आली, त्यात डिस्क १ आणि डिस्क २, दोन्हीसमोर टिक. दोन कशा हा प्रश्न पडायला हवा होता. फोटोंच्या डिस्कवर मी आळसाने पार्टिशन न करता सरळ अख्ख्या डिस्कवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टम) केलेलं, त्यामुळे विंडोजला ती कोरीच वाटली. ओके दाबलं. मग डिस्क १ वर राइट क्लिक, न्यू सिम्पल व्हॉल्यूम, क्विक फॉरमॅट. बाजूला चक्क १८६३.०२ जीबी लिहिलेलं होतं, मी ५०० ची डिस्क केलेली आणि तरी डोळ्यासमोरून गेलं. त्यावर ७० जीबीचे प्रोजेक्ट कॉपीला लावले आणि जेवायला गेलो. परत येऊन होस्टवर फोटोंचं फोल्डर उघडलं तर 'इनपुट/आउटपुट एरर'. तेव्हा कळलं.

फक्त इनिशियलाइझवर थांबलो असतो तर ईएक्सटी४ च्या बॅकअप सुपरब्लॉकवरून (मुख्य नोंदीच्या राखीव प्रतीवरून) बहुतेक सगळं परत आलं असतं. फॉरमॅट आणि वर ७० जीबी, मग कसलं काय. फोटोरेकने (गेलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामने) बरेच फोटो काढून दिले पण नावं नाहीत, तारखांची फोल्डरं नाहीत, नुसते एफ आणि आकडे, हजारोंनी. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ अर्धवट आला, उघडतच नाही. शेवटी मावशीच्या मोबाइलमधून व्हॉट्सॲपवरचे बारीक झालेले फोटो गोळा केले. बॅकअप का नव्हता हे कृपया विचारू नका, घरात सगळ्यांनी विचारून झालंय.

ह्याच्या आधी मी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला मेल केलेला (नाव घेत नाही), की खालच्या स्लॉटचं आयसोलेशन पुढच्या बायोसमध्ये येणार आहे का, एवढंच. ११ दिवसांनी उत्तर आलं, बिलाचा फोटो पाठवा. पाठवला. मग उत्तर, विंडोजमध्ये लेटेस्ट चिपसेट ड्रायव्हर टाका. मी लिहिलं की होस्ट लिनक्स आहे, तर तिकीट बंद आणि वर 'तुमचा अनुभव कसा होता' म्हणून पाच तारे. त्या नादात तीन आठवडे गेले आणि वैतागून पॅचकडे वळलो. तुम्ही तो वेळ घालवू नका, चिपसेटमध्ये जे नाही ते मेल करून येत नाही.

तरी पॅच लावायचाच असेल (कार्डांची अदलाबदल जमत नाही, असं होतं, मान्य), तर तयार कर्नल घ्या, स्वतः बिल्ड करत बसू नका. मी उबंटूचं कॉन्फिग घेऊन केलेला, आधी कॅनॉनिकलची सर्टिफिकेट फाइल नाही म्हणून अडला, मग डीबग इन्फो बंद करायचं राहिलं आणि डिस्कच भरली. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठणारच नाही. जुना कर्नल ग्रबमध्ये (बूटच्या यादीत) राहू द्या.

आणि पॅचच्या पॅरामीटरमध्ये आधी फक्त 'डाउनस्ट्रीम' (पोर्ट वेगळे धर) देऊन बघा. 'मल्टिफंक्शन' (एकाच कार्डाचे भागही वेगळे धर) सगळेच एकमेकांचं बघून चिकटवतात, गरज पडली तरच द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, एक्सएमएलमध्ये प्रत्येक डिव्हाइसला मॅनेज्ड 'नो' करा आणि जे द्यायचंय ते बूटलाच व्हीएफआयओला आयडीवरून बांधा. माझ्या १०६० चा आयडी १०डीई:१सी०३ आणि आवाजाचा १०डीई:१०एफ१, बस नंबर सरकला तरी आयडी सरकत नाही. मग चुकून साटाचा पत्ता राहिला तरी लिबव्हर्ट म्हणेल की हे आधी होस्टपासून हाताने सोडवा, आणि व्हीएम उठणार नाही. मात्र एकाच आयडीची दोन कार्डं असतील तर हे चालत नाही, दोन्ही जातील. मी त्यावर लिबव्हर्टच्या क्यूईएमयू हुकमध्ये एक छोटी स्क्रिप्टही टाकलीय, सुरू होण्याआधी ती प्रत्येक पत्त्यावरचा व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी सिसएफएसमधून (कर्नल उपकरणांची माहिती देतो तिथून) वाचते आणि जुळला नाही तर तिथेच बाहेर पडते. हार्डवेअर बदलायच्या आधी ऑटोस्टार्टही बंद करा. (डाँगलपुरतं असेल तर अख्खं यूएसबी कार्ड द्यायचीही गरज नसते, तेवढं एक उपकरण देता येतं, हे मला नंतर कळलं.)

मी काही कर्नलवाला नाही, माझ्या एका बोर्डवरचा अनुभव आहे, तुमच्याकडे वेगळं निघू शकतं. बोर्डचं नेमकं मॉडेल टाका, आणि कॅबिनेट उघडून दोन्ही स्लॉटभोवती किती जागा आहे तो फोटो टाका, अदलाबदल केल्यावर कार्डं मावतील की नाही ते बघू.